बर्फ बाहेर, पाणी आत: थंड पाण्याच्या चार शतकांची गोष्ट

"डॉक्टर, आम्ही तर जारचंच पाणी प्यायलो होतो. मग कावीळ झालीच कशी?"

दरवर्षी मे-जूनमध्ये हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. मागे एकदा एकाच वाडीतले तीन जण आठवड्याभराच्या अंतराने डोळे पिवळे झाले म्हणून आले. तिघंही महिन्याभरापूर्वी एकाच हळदीला गेले होते. तिथे सीलबंद जारचं पाणी आणलं होतं, याची त्यांना खात्री होती. मी विचारलं, "पाणी गार कसं केलं होतं?" उत्तर आलं, "जार पिंपात ओतले आणि वर बर्फाची लादी फोडून टाकली."

त्या तिघांना कावीळ त्या बर्फामुळेच झाली, हे मी सिद्ध करू शकत नाही. दूषित पाण्यातून होणारी कावीळ (हिपॅटायटिस ए आणि ई) शरीरात शिरल्यापासून साधारण दोन ते आठ आठवड्यांनी दिसते. तोवर पिंप धुऊन परत गेलेलं असतं आणि बर्फ वितळून गेलेला असतो. पण त्या तिघांपैकी एकाची सून सात महिन्यांची गरोदर होती आणि तिनेही तेच पाणी प्यायलं होतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर आईच्या जिवावर बेतू शकतं. तिच्या तपासण्या होईपर्यंत त्या घरातलं कोणी नीट झोपलं नव्हतं. सुदैवाने तिला काही झालं नाही.

पाणी गार करायला बर्फ वापरण्यात काही चूक नाही. प्रश्न एवढाच, की बर्फ पाण्याच्या आत टाकायचा की बाहेर ठेवायचा? हा प्रश्न आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वी सुटला होता. मग आपण तो विसरलो. ती गोष्ट आज सांगतो.

आपल्याकडे माठ का कमी पडतो?

माठाच्या बारीक छिद्रांतून पाझरलेलं पाणी बाहेर सुकतं आणि सुकताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी, तितकं हे काम जोरात चालतं. म्हणून नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठाचं पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं. रत्नागिरीच्या हवेत मात्र समुद्रामुळे आधीच भरपूर बाष्प असतं. माठ पाझरतो, पण बाहेरचं पाणी लवकर सुकत नाही. म्हणून आपल्याकडे माठाचं पाणी बरं लागतं, पण गारेगार लागत नाही. लग्नाच्या मांडवात बर्फाची लादी येते ती याच कारणाने.

आबदारखाना

शिवकाळातल्या अठरा कारखान्यांच्या यादीत 'आबदारखाना' हे नाव तुम्ही वाचलं असेल. आब म्हणजे पाणी. पिण्याच्या पाण्याची व्यवस्था बघणारं हे खातं. मुघल दरबारातही ते होतं आणि तिथे पाणी कसं गार करत, हे अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवलं आहे.

अरुंद तोंडाच्या धातूच्या सुरईत एक शेर पाणी भरायचं आणि तोंड बंद करायचं. दुसऱ्या मोठ्या भांड्यात पाच शेर पाणी घेऊन त्यात अडीच शेर सोरा टाकायचा. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूत वापरतात ते मीठ. हे मीठ पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतं. त्या पाण्यात सुरई पाव तासभर फिरवत राहायची. आतलं पाणी गार होतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सोऱ्याचं पाणी कोणी पिऊ शकत नाही. म्हणून गारवा देणारी वस्तू आणि प्यायचं पाणी यांच्यामध्ये धातूची भिंत ठेवावीच लागे. आबदाराला जंतूंची काहीच माहिती नव्हती, तरी त्याची पद्धत आजच्या आरोग्यशास्त्राला पटेल अशी होती.

पुढे बर्फ आला आणि घोटाळा तिथे झाला. बर्फ दिसतो पाण्यासारखा, वितळून होतो पाणीच. मग भिंत हवी कशाला, असं सगळ्यांना वाटू लागलं.

बोस्टनहून आलेली लादी

१८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून 'टस्कनी' नावाचं जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचलं. तेव्हाही जवळपास १०० टन बर्फ शिल्लक होता. हा उद्योग फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याचा. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून बर्फ कापायचा, लाकडाच्या भुशात गच्च बांधायचा आणि जहाजात भरायचा.

लवकरच हा बर्फ मुंबईतही आला. १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय यांनी एका मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाली, अशी बातमी 'मुंबई समाचार'ने छापल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. पुढे फोर्टात गोदीजवळ बर्फ साठवायला घुमटाचं बर्फघर उभं राहिलं. मुंबईचं बर्फघर आता नाही, पण मद्रासचं समुद्रकिनाऱ्यावर अजून उभं आहे. स्वामी विवेकानंद १८९७ साली तिथे राहिले होते, म्हणून ते आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

त्या काळचा समज असा होता, की बर्फ म्हणजे शुद्धच. काचेसारखा पारदर्शक, गोठताना घाण बाहेर टाकतो, मग त्यात रोग कुठून येणार? म्हणून तो थेट पेल्यात पडू लागला.

एका डॉक्टरने तो समज मोडला

१८८० साली टायफॉइडचा जंतू ओळखला गेला. १८८७ साली न्यूयॉर्कच्या डॉ. मिचेल प्रुडन यांनी एक साधा प्रयोग केला. टायफॉइडचे जंतू पाण्यात घालून ते पाणी गोठवलं आणि ठरावीक दिवसांनी थोडा बर्फ वितळवून बघितलं. पुष्कळ जंतू मेले होते, पण सगळे नाही. १०३ दिवसांनंतरही काही जिवंत निघाले.

ही गोष्ट आजही अनेकांना पटत नाही. "एवढ्या थंडीत जंतू कसे जगतील?" असं विचारतात. उष्णता जंतूंना मारते. थंडी त्यांना झोपवते. प्रयोगशाळेत विषाणू वर्षानुवर्षं जपून ठेवायचे असतील तर ते खोल गोठवूनच ठेवतात. म्हणजे बर्फ ज्या पाण्याचा केला, त्या पाण्यात जे होतं ते बर्फातही असतं. लादी तुमच्या पाण्यात वितळली, की ते तुमच्या पोटात.

पहिलं थंड पाण्याचं यंत्र

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या शाळांत आणि रेल्वे स्टेशनांवर पाण्याच्या पिंपाशेजारी एकच पेला टांगलेला असे. आपल्या पाणपोईवर साखळीने बांधलेला पेला असतो ना, अगदी तसाच. सगळ्यांनी त्यालाच तोंड लावायचं. बोस्टनच्या लॉरेन्स ल्युएलन यांनी १९०७-०८च्या सुमारास यावर एक यंत्र काढलं. त्यात बर्फाचा कप्पा वेगळा, पाण्याचा कप्पा वेगळा. एक सेंट टाकला की गार पाणी मिळे, तेही एकदाच वापरायच्या कागदी पेल्यात. १९०९ साली कॅन्सस राज्याने सार्वजनिक पेल्यावर बंदीच घातली. यंत्र फार चाललं नाही, पण त्यातला कागदी पेला जगभर पसरला.

आबदाराची भिंत अशी परत आली. तिला भोक पडलं तर काय होतं, तेही लवकरच दिसलं. १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. पाहुणे उतरलेल्या दोन हॉटेलांत गार पाण्याच्या टाकीवरून मैल्याचे जुने पाइप गेले होते आणि ते गळत होते. हजाराहून जास्त लोकांना अमिबाची आव झाली आणि सुमारे १०० जण दगावले. पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडले, त्यामुळे कारण कळायलाही बरेच दिवस गेले. आपल्या हळदीच्या कावीळीसारखंच हे.

जारचं सील फोडल्यानंतर

१९६५च्या सुमारास मुंबईत बाटलीबंद पाणी विकायला सुरुवात झाली. २००१ साली अशा पाण्याला भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र सक्तीचं करण्यात आलं होतं; ही सक्ती २०२४ साली उठली. पण अशा पाण्याची हमी सील असेपर्यंतच. सील फोडून पाणी पिंपात ओतलं, की ते पाणी त्या पिंपाइतकंच आणि त्यात पडलेल्या बर्फाइतकंच शुद्ध.

आणि रत्नागिरीत बर्फ कशासाठी बनतो? मुख्यतः मासळीसाठी. मिरकरवाड्याला होड्या लागतात तेव्हा लाद्यांचा चुरा होताना तुम्ही बघितलाच असेल. मासळीचा बर्फ पिण्यासाठी बनवलेला नसतो. गैर होतं ते तोच बर्फ उसाच्या रसात, गोळ्यात किंवा मांडवातल्या पिंपात गेला की. म्हणूनच महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक केलं. लादी निळसर असेल तर ती पिण्यासाठी नाही. पण पांढरी आहे म्हणजे पिण्यायोग्यच आहे, असा उलटा अर्थ काढू नका.

मग पाणी गार करायचं कसं?

आबदाराने केलं तसंच. कार्यक्रमासाठी किंवा दुकानासाठी बर्फाने गार होणारी पाण्याची कोठी बनवायला फार काही लागत नाही. गावातला फॅब्रिकेटरही करून देईल.

१. थर्माकोल किंवा फोमचं अस्तर असलेली एक मोठी पेटी घ्या. तिच्या आत झाकणाची स्टीलची टाकी बसवा. जार या टाकीवर उपडा बसेल आणि तोटी टाकीतूनच थेट बाहेर येईल.

२. बर्फ टाकी आणि पेटीच्या मधल्या जागेत भरा. टाकीत बर्फ नाही, जारमध्ये तर नाहीच. अशा वेळी मासळीचा बर्फ वापरला तरी चालेल, कारण तो पाण्याला शिवत नाही. मात्र त्याला लागलेला हात तोटीला आणि पेल्याला लावू नका.

३. वितळलेलं पाणी बाहेर जायला पेटीला खाली भोक आणि नळी हवीच. त्या पाण्याची पातळी टाकीच्या झाकणापर्यंत कधीच चढता कामा नये. बहुतेक घरगुती जुगाड इथेच फसतात.

४. टाकीला जोड कमीत कमी असावेत आणि सांध्यातून गळती नसावी. वापरण्यापूर्वी टाकी रिकामी ठेवून बाहेर पाणी भरा. अर्ध्या तासात आत थेंबही दिसला नाही, तरच ती वापरा.

५. टाकी आणि तोटी आठवड्यातून एकदा, तसंच प्रत्येक कार्यक्रमाआधी, घासून उकळत्या पाण्याने धुवा.

बर्फ किती लागेल? एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता घेतो. २० लिटर पाणी ३० अंशांवरून १५ अंशांवर आणायला ३०० किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे जारमागे चार किलोच्या आत. बाहेरची उष्णता पेटीत शिरतेच, म्हणून दुप्पट धरा, आठ किलो. पाणी गार व्हायला वेळ लागतो, तेव्हा बर्फ पाहुणे यायच्या तासभर आधी भरा.

एवढं करायला वेळ नसेल तर सगळ्यात सोपा उपाय: सीलबंद बाटल्या बर्फाच्या टबात ठेवा आणि देताना बाहेरून पुसून द्या. त्याहून सोपा उपाय म्हणजे साधं पाणी प्या. तहान साध्या पाण्यानेही भागते.

लग्नसराईत पाणी पिण्याआधी एकदा पिंपात डोकावून बघा. बर्फ तरंगत असेल तर तुमच्या लहान मुलांसाठी, घरातल्या वयस्कांसाठी आणि विशेषतः गरोदर बाईसाठी घरून बाटली न्या. यजमानांना वाईट वाटेल असं वाटत असेल, तर माझं नाव सांगा. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं, की कोणी राग धरत नाही.

लघवी गडद पिवळी होणं, जेवणावरची वासना उडणं, उलट्या, डोळे पिवळे होणं, यांपैकी काही दिसलं तर गावठी औषधात दिवस घालवू नका. गरोदर बाईला असं काही वाटलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "आम्ही तर जारचंच पाणी प्यायलो," तर तुम्हीही विचारा: गार कसं केलं होतं?