१९१८ ची इन्फ्लुएंझा साथ आणि चांदा जिल्ह्याचे शेतीअर्थकारण

आजचे चंद्रपूर व गडचिरोली १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. ब्रिटिश राजवटीत हा चांदा जिल्हा मध्य प्रांतात मोडत असे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात १ कोटी २० लाखांहून अधिक बळी घेतले. मध्य प्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता.

आर्थिक हानीच्या दृष्टीने मृतांच्या संख्येइतकेच त्यांचे वय व साथीचा काळ महत्त्वाचा ठरतो. साथ शिगेला पोहोचली ती खरिपाची कापणी आणि रब्बीची पेरणी यांच्या दिवसांत. बळींमध्ये २० ते ४० वयोगटाचे, त्यातही स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. धानाची रोवणी व कापणी ज्यांच्या श्रमावर चालते, तेच हात नाहीसे झाले. त्याच वर्षी पाऊस अपुरा पडला व धान्य महागले.

अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ मध्ये याच साथीचा दाखला दिला. मनुष्यबळ घटताच पेरणीक्षेत्रही घटले. म्हणून शेतीतील श्रम 'अतिरिक्त' नव्हते, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमर्त्य सेन यांनी त्यावर आक्षेप घेतला.

तथापि या वादात वनप्रदेशाची हानी पूर्णपणे मोजली जात नाही. मोह, तेंदू, बांबू गोळा करणाऱ्यांचे श्रम पेरणीक्षेत्राच्या आकडेवारीत येतच नाहीत. गडचिरोलीत आज हिवतापाचा खर्च मोजतानाही हेच भान हवे : रोवणीच्या हंगामातील तापाची किंमत केवळ औषधांच्या खर्चात नसते, ती बुडालेल्या मजुरीत आणि लांबलेल्या रोवणीतही असते.