'एलायझा'ची संभाषणे आणि संशोधकाची मर्यादा

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली 'एलायझा' या संगणक-आज्ञावलीचे वर्णन प्रसिद्ध केले. मानसोपचारज्ञाच्या भूमिकेत ती वापरकर्त्याच्या वाक्यातील खुणेचे शब्द हेरून त्याचेच बोल प्रश्नरूपाने परत करीत असे. अर्थबोध तिला मुळीच नव्हता. तरीही माणसे तिच्यापाशी मन मोकळे करू लागली. ही संभाषणे आपणांस तपासता यावीत अशी योजना करण्याचा विचार वायझेनबाउम यांनी बोलून दाखविताच, ही अंतरंगातील विचारांवरची हेरगिरी होय, असा आक्षेप त्यांच्यावर घेण्यात आला. हा प्रसंग त्यांनी 'कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन' या १९७६ च्या ग्रंथात नमूद केला आहे.

वापरकर्त्यांच्या अनुभवाच्या संशोधनात आज कृत्रिम बुद्धिमत्ता मुलाखती घेते आणि उत्तरांचे वर्गीकरणही करते. म्हणून या प्रसंगाचे स्मरण आवश्यक ठरते. यंत्रापुढे माणूस निःसंकोच बोलतो, यास्तव त्याचे बोलणे संशोधकास मोलाचे वाटते. परंतु ऐकणारा कोणी नाही या समजुतीतूनच तो निःसंकोचपणा पुष्कळदा आलेला असतो. ती समजूत तशीच राहू देऊन मिळविलेले ज्ञान हा विश्वासाचा अपहार होय. सबब यंत्रामागे कोण ऐकत आहे हे संभाषणापूर्वीच सांगून संमती घ्यावी. त्यामुळे काही उत्तरे गमवावी लागली, तरी ती हानी संशोधकाने पत्करलीच पाहिजे.