घरातला एअर प्युरिफायर: कसा निवडावा, कसा वापरावा, निगा कशी राखावी

दिवाळी सरली आणि थंडी पडू लागली की दवाखान्यात खोकल्याचे आणि दम लागण्याचे रुग्ण वाढतात. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड राहते, त्यामुळे धूर आणि धूळ वर जाऊन विरत नाही. याच दिवसांत एक प्रश्न हमखास विचारला जातो: "डॉक्टर, घरी एअर प्युरिफायर घेऊ का?"

गेल्या थंडीत सात वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याचे आईवडील माझ्याकडे आले होते. मुलाला दमा आहे. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी चांगला महागाचा प्युरिफायर घेतला आणि "आता मशीन आहे" म्हणून रोजचा प्रतिबंधक इन्हेलर बंद केला. रात्रीचा खोकला मात्र वाढतच गेला. चौकशी केल्यावर कळले की मशीन हॉलमध्ये होते आणि मूल बेडरूममध्ये झोपत होते. बेडरूममध्ये रोज रात्री डासांची कॉइल जळत होती. घरी जाऊन त्यांनी मशीन उघडले, तर आतल्या फिल्टरवरचे प्लास्टिक काढलेलेच नव्हते.

आम्ही इन्हेलर पुन्हा सुरू केला, कॉइल बंद करून मच्छरदाणी लावायला सांगितली आणि मशीन बेडरूममध्ये हलवले. काही आठवड्यांत मूल शांत झोपू लागले. यात मोठा वाटा इन्हेलरचा आणि कॉइल बंद करण्याचा होता, मशीनचा वाटा त्यानंतरचा. प्युरिफायर घेण्याआधी एवढा क्रम लक्षात ठेवला तरी बराच खर्च आणि त्रास वाचतो.

प्युरिफायर काय करतो आणि काय करत नाही

आत एक पंखा असतो. तो खोलीतली हवा ओढून फिल्टरमधून पुढे सोडतो. सगळ्यात बाहेरची जाळी केस आणि मोठी धूळ अडवते. त्यामागचा हेपा फिल्टर अतिशय बारीक कण पकडतो. यातले पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून हे कण किती बारीक असतात ते लक्षात येईल. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोलवर जातात.

प्युरिफायरला पुढील गोष्टी जमत नाहीत:

- कार्बन मोनॉक्साइड काढणे. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर किंवा बंद खोलीतली कोळशाची शेगडी यांतून निघणारा हा वायू जीव घेतो. प्युरिफायर चालू असला तरी धोका तेवढाच राहतो. तिथे खेळती हवाच हवी.
- अंथरुणातली धूळ काढणे. गादी-उशीतल्या बारीक कीटकांमुळे होणारी ॲलर्जी बऱ्याच जणांना असते. हे कण जड असल्याने लवकर खाली बसतात आणि मशीनपर्यंत पोहोचतच नाहीत.
- ओल आणि बुरशी घालवणे. भिंतीतून पाणी झिरपत असेल तर आधी ते थांबवावे लागते.
- आजार बरा करणे. दमा, सीओपीडी किंवा हृदयविकाराचे औषध प्युरिफायरमुळे बंद करता येत नाही.

कोणाला उपयोग होऊ शकतो?

दमा, सीओपीडी, ॲलर्जीची सर्दी किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्ती, तान्ही बाळे आणि वृद्ध यांना स्वच्छ हवेचा फायदा अधिक. घर रहदारीच्या रस्त्याला, बांधकामाला किंवा कचरा जाळण्याच्या जागेला लागून असेल तर विचार जरूर करा. अभ्यासांत खोलीतले बारीक कण कमी होतात हे स्पष्ट दिसते. त्रास कमी होण्याचे प्रमाण मात्र माणसागणिक बदलते आणि बहुतेकदा माफक असते. घरात सगळे निरोगी असतील आणि परिसरातली हवा बरी असेल, तर कर्ज काढून घ्यावी अशी ही वस्तू नाही.

विकत घेण्याआधी घरातला धूर थांबवा

नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नसतो, तसेच हे आहे. पुढच्या गोष्टींना फारसा खर्च नाही:

- डासांची कॉइल बंद करा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ कण निघतात असे आढळले होते. मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळी हा उत्तम पर्याय.
- घरात विडी-सिगारेट नको. गॅलरीत उभे राहून ओढली तरी धूर आत येतो.
- अगरबत्ती, धूप, कापूर कमी करा. देवापुढे समई किंवा निरांजन पुरेसे आहे, असे मी रुग्णांना सांगतो. निदान रुग्णाच्या खोलीत धूर नको.
- फोडणी देताना आणि तळताना एक्झॉस्ट पंखा किंवा चिमणी लावा, खिडकी उघडा.
- कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. रुग्णाने स्वतः झाडलोट करू नये.
- चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात धुवा.

निवडताना काय पाहावे?

फिल्टर: खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवतो. एच १३ असे लिहिले असेल तर दर्जा जवळपास तोच. "हेपासारखा" किंवा "हेपा टाइप" असे लिहिलेले मशीन टाळा.

सीएडीआर: मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते, हे सांगणारा हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. खोलीतली हवा तासाला साधारण पाच वेळा गाळली जावी. त्यासाठी सोपा हिशोब असा: खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याला ७ ने भागा. १० बाय १२ ची खोली १० फूट उंच असेल, तर १२०० भागिले ७, म्हणजे सुमारे १७०. एवढा सीएडीआर किमान हवा.

हा आकडा पंखा सर्वात वेगात असतानाचा असतो. त्या आवाजात झोप लागत नाही, म्हणून रात्री आपण वेग कमी करतो आणि हवा कमी गाळली जाते. त्यामुळे हिशोबापेक्षा मोठे, वरच्या खोलीसाठी २५० ते ३०० सीएडीआरचे मशीन घेऊन मधल्या वेगावर चालवणे चांगले.

ओझोन: आयनायझर किंवा "प्लाझ्मा" प्रकारच्या काही मशीनमधून ओझोन वायू निघू शकतो. ओझोनमुळे श्वासनलिका चुरचुरते आणि दमा वाढू शकतो. ही सोय नसलेले किंवा ती बंद करता येईल असे मशीन घ्या. ओझोन सोडून हवा शुद्ध करणारी यंत्रे घरात आणूच नका.

कार्बनचा थर: वास आणि काही वायू कमी करतो, पण पातळ थर लवकर निकामी होतो. केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

पुढचा खर्च: नव्या फिल्टरची किंमत आणि तो आपल्या गावात मिळतो का, हे दुकानातच विचारा. विजेचा भार फार नसतो. ४० वॅटचे मशीन रोज १० तास चालवले तर महिन्याला सुमारे १२ युनिट होतात.

वापरताना

१. सुरू करण्याआधी मशीन उघडून फिल्टरवरचे प्लास्टिक काढा.

२. मशीन रुग्ण झोपतो त्या खोलीत ठेवा. आपले सात-आठ तास तिथेच जातात. एक मशीन अख्ख्या घराला पुरत नाही.

३. भिंतीपासून आणि पडद्यापासून फूटभर अंतर ठेवा. कोपऱ्यात किंवा पलंगाखाली ठेवू नका. स्वयंपाकघरातही नको, तेलकट वाफेने फिल्टर बुजतो.

४. झोपण्याच्या अर्धा तास आधी दारे-खिडक्या लावून वेगात चालवा, मग मधल्या वेगावर रात्रभर चालू ठेवा. तासभर लावून बंद केल्यास कण पुन्हा वाढतात.

५. खोली कायम बंद ठेवू नका. थंडीत पहाटे आणि रात्री हवा जास्त खराब असते, दुपारी बहुधा बरी असते. तेव्हा खिडक्या उघडा. पावसाळ्यात बाहेरची हवा स्वच्छ असते, त्या दिवसांत मशीनची गरजही कमी पडते.

महत्त्वाचे: घरात क्षयरोगाचा रुग्ण असेल तर प्युरिफायरसाठी खिडक्या बंद करू नका. तिथे खेळती हवा, मास्क आणि नियमित औषधे हाच बचाव आहे.

निगा कशी राखावी?

- बाहेरची जाळी दर दोन आठवड्यांनी स्वच्छ करा. धुतल्यास सावलीत पूर्ण वाळवूनच बसवा, ओली राहिल्यास बुरशी धरते.
- हेपा फिल्टर धुऊ नका, घासू नका, उन्हात आपटू नका. त्याचे धागे तुटले की तो कण अडवत नाही, वरून स्वच्छ दिसला तरी.
- साधारण ६ ते १२ महिन्यांत फिल्टर बदलावा लागतो. रस्त्यालगतच्या घरात लवकर. बऱ्याच मशीनमधला दिवा फक्त तास मोजतो, म्हणून दोन महिन्यांतून एकदा उघडून पाहा. फिल्टर काळपट झाला, वास येऊ लागला किंवा हवा कमी येऊ लागली तर बदला.
- बदलताना प्लग काढा, मास्क लावा, जुना फिल्टर पिशवीत गुंडाळून टाका. हे काम दम्याच्या रुग्णाने करू नये.
- कणांचे प्रमाण दाखवणारा सेन्सर असल्यास माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे कोरड्या कापसाने पुसा. धूळ बसली की तो चुकीचे आकडे दाखवतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पडद्यावर किती आकडा असावा? भारतीय मानकानुसार पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली. घरातल्या मशीनचा आकडा ढोबळ असतो. आकडा कमी होतो आहे का एवढेच पाहा.

एसी असेल तर प्युरिफायर लागतो का? घरातल्या एसीची जाळी मोठी धूळ अडवते, बारीक कण नाही. दोन्ही एकत्र चालवता येतात.

प्युरिफायर परवडत नाही, मग? खंत करू नका. धूर बंद करणे, ओल्या फडक्याने पुसणे, अंथरूण स्वच्छ ठेवणे आणि इन्हेलर नियमित घेणे यांनी त्रास बराच आटोक्यात येतो. पैसे मर्यादित असतील तर आधी औषधे आणि स्पेसर घ्या.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

रात्री खोकल्याने जाग येत असेल किंवा आराम देणारा इन्हेलर आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल, तर घरात मशीन असले तरी तपासणी करून घ्या. प्रतिबंधक इन्हेलर कमी करायचा की थांबवायचा, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

पुढीलपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा: दम लागून एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ किंवा नखे निळसर होणे, मुलाच्या बरगड्यांमधली जागा श्वास घेताना आत ओढली जाणे, खूप गुंगी येणे, इन्हेलर घेऊनही आराम न पडणे. अशा वेळी आराम देणारा इन्हेलर स्पेसरमधून देत राहा आणि रुग्णाला बसते ठेवा.