भेटीची वेळ : सकाळी सहा

डिसेंबर १९४४. फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटावरच्या जपानी धावपट्ट्यांवर तीन दिवस विमानांचा मारा करून अमेरिकेचं तिसरं आरमार पूर्वेकडे मागे सरलं होतं. १५ तारखेला जनरल मॅकार्थरचं अमेरिकी सैन्य मिंडोरो बेटावर उतरलं होतं. त्याला वरून संरक्षण द्यायचं, १९ तारखेला पुन्हा मारा सुरू करायचा, असा शब्द या आरमाराचा प्रमुख अ‍ॅडमिरल विल्यम हॉल्सीने दिला होता. शब्द पाळायचा तर आधी जहाजांना तेल पाजायला हवं होतं. पुढच्या दीड दिवसातला प्रत्येक निर्णय या शब्दाला आणि तेलाला बांधलेला आहे. वादळाचा नंबर त्यानंतर.

१७ डिसेंबर, सकाळी १०

फिलिपिन्सच्या पूर्वेला, किनाऱ्यापासून सुमारे ५०० किलोमीटरवर तेलनौका आणि लढाऊ ताफा एकत्र आले. समुद्र आडवातिडवा उसळत होता. वारा उत्तर-ईशान्येचा, २० ते ३० नॉट. डिसेंबरात या पाण्यावर ईशान्येचे मोसमी वारे असेही वाहतातच, त्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. पण उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं, की वादळाचं केंद्र डाव्या हाताला असतं. हा नियम तेव्हाही प्रत्येक खलाशी-शाळेत शिकवला जाई. त्या सकाळी तसं उभं राहिलेल्याचा डावा हात आग्नेयेकडे गेला असता. वादळ तिथेच होतं.

वादळ आटोपशीर, घट्ट आवळलेलं होतं. अशा वादळाचा हाच धोका. जवळ येईपर्यंत वायुभारमापकाचा काटा फारसा खाली येत नाही.

सकाळी ११ नंतर

‘स्पेन्स’ या विनाशिकेच्या टाक्यांनी तळ गाठला होता. तिला ‘न्यू जर्सी’ या अजस्र युद्धनौकेच्या कुशीला घेतलं. चालत्या जहाजावरून चालत्या जहाजावर नळ्या टाकून तेल द्यायचं, हे काम शांत समुद्रातही कसबाचं. नळ्या तुटल्या. ‘स्पेन्स’ युद्धनौकेवर आदळता आदळता वाचली. इतरत्रही तेच चाललं होतं.

रिकाम्या टाक्यांचं जहाज वर जड आणि खाली हलकं होतं. त्यावर उपाय जुनाच होता, टाक्यांत समुद्राचं पाणी भरायचा. पण तेल घ्यायच्या आधी ते पाणी उपसावं लागतं आणि त्यात तास मोडतात. आता तेल मिळेल, मग मिळेल, अशा आशेवर टाक्या रिकाम्याच ठेवल्या गेल्या. माझ्या मते ‘स्पेन्स’ इथेच बुडायला लागली.

दुपारी १ च्या सुमारास

हॉल्सीने तेल भरणं थांबवलं. आरमाराचा हवामान अधिकारी कमांडर जॉर्ज कॉस्को याचा अंदाज असा, की पूर्वेला साडेचारशे मैलांवर एक साधी उष्णकटिबंधीय गडबड आहे. ती थंड हवेच्या आघाडीला धडकून ईशान्येला वळेल. प्रत्यक्षात टायफून आग्नेयेला सव्वाशे मैलांच्या आसपास होता आणि वळायचं त्याच्या मनात नव्हतं. कॉस्को अडाणी नव्हता. त्याच्यापाशी उपग्रह नव्हता, युद्धामुळे जहाजांकडून येणारी निरीक्षणं तुटपुंजी होती, आणि त्या मोसमात टायफून विरळ.

नवी भेट ठरली : उद्या सकाळी सहा, वायव्येला. वादळाचाही रस्ता त्याच बाजूचा.

दुपारी ३.३०

भेटीची जागा बदलली, दक्षिणेकडे. एका शोधविमानाने वादळाचं केंद्र पाहिल्याची खबर ताफ्याला वेळेत उपयोगी पडली नाही.

रात्री १० नंतर

जागा पुन्हा बदलली. वेळ मात्र बदलली नाही, सकाळी सहाच. दर वेळी ‘तेल कुठे भरता येईल’ असाच प्रश्न विचारला गेला. ‘वादळ नेमकं कुठे आहे’ हा प्रश्न त्याच्या मागे उभा राहिला आणि रात्रभर मागेच राहिला.

१८ डिसेंबर, पहाटे ५

कॉस्कोची झोप उडाली होती. हॉल्सीला उठवलं गेलं. इतर जहाजांवरच्या अधिकाऱ्यांना वादळाची जागा विचारली, तर ज्याचं त्याचं वादळ वेगळ्या ठिकाणी! सहाची भेट रद्द झाली आणि ताफा दक्षिणेकडे वळला. इथेच थांबले असते आणि दक्षिणेचीच वाट धरून ठेवली असती, तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

सकाळी ७

तेल भरायचा आणखी एक प्रयत्न. त्यासाठी ताफा ईशान्येकडे फिरवला, म्हणजे वादळाच्या दिशेने.

सकाळी ८ नंतर

तेही सोडलं. आता लाटा विमानवाहू नौकांच्या डेकपर्यंत पोचत होत्या.

सकाळी ९.१०

‘मॉन्टेरे’ या हलक्या विमानवाहू नौकेच्या पोटात दोरखंड तुटून विमानं सुटली, एकमेकांवर आदळली, पेट्रोल सांडलं, आग लागली. वर डेकवरून एक तरुण लेफ्टनंट घसरत थेट कडेला गेला. कडेच्या बोटभर पोलादी काठाला पाय अडकला म्हणून समुद्रात न पडता तो खालच्या अरुंद वाटेवर पडला आणि उठून पुन्हा वर चढला. त्याचं नाव जेराल्ड फोर्ड. तीस वर्षांनी तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला. ‘मॉन्टेरे’ने यंत्रं थांबवली, लाटांच्या स्वाधीन होऊन आगीशी झगडली आणि तासाभराच्या आत ती आटोक्यात आणली.

सकाळी ११ च्या सुमारास

‘स्पेन्स’ने अखेर टाक्यांत पाणी घ्यायला सुरुवात केली होती. उशीर झाला होता. आत शिरलेल्या पाण्याने वीजपुरवठा कोलमडला, सुकाणू अडकलं, ती डावीकडे कलली आणि परत उठलीच नाही. उलटी होऊन तिचे दोन तुकडे झाले. तीनशेहून अधिक माणसांपैकी २४ वाचली.

दुपारी १२ च्या सुमारास

सगळा दोष रिकाम्या टाक्यांच्या माथी मारता येत नाही, हे ‘हल’ने दाखवलं. तिच्या टाक्या निम्म्याहून जास्त भरलेल्या होत्या. पण ती १९३४ मधली जुनी विनाशिका. युद्धात तिच्यावर रडार चढलं, जादा तोफा चढल्या, सगळं वजन वर. वाऱ्याच्या आडवी सापडल्यावर तिला ना वळता येईना ना पुढे जाता येईना. ती इतकी आडवी झाली, की धुराड्यांतून पाणी आत शिरू लागलं आणि ती बुडाली.

तिच्याच जातीची ‘मोनाघन’ दुपारच्या सुमारास गेली. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या सकाळी हिनेच एक जपानी पाणबुडी बुडवली होती. तिची सहा माणसं उरली.

त्याच जातीची ‘ड्यूई’ ७५ अंशांपर्यंत कलली, तिचं एक धुराडं उखडून पडलं, वायुभारमापकाचा काटा मोजपट्टीच्या खाली उतरला. तरी ती तरली. सारखीच बांधणी, सारखंच वादळ. एक वाचली, दोन बुडाल्या.

सकाळी ११.४९

घड्याळ थोडं मागे नेतो, कारण हा क्षण वेगळा ठेवायला हवा. या वेळी हॉल्सीने जहाजांना रांग सोडून सोयीच्या दिशेने जायला मोकळीक दिली. तोवर बहुतेक कप्तान आपापली जागा राखण्यासाठी धडपडत होते. आपलं जहाज धोक्यात आहे हे डोळ्यांना दिसत होतं, पण हुकूम नव्हता. कोकणातला कुठलाही तांडेल असल्या वेळी कुणाला विचारत बसला नसता.

दुपारी १.४५

हॉल्सीने पहिल्यांदा टायफूनचा इशारा प्रसारित केला. वादळाचं केंद्र तोवर ताफ्याला ओलांडून गेलं होतं.

रात्री १० च्या सुमारास

‘टॅबरर’ ही छोटी रक्षकनौका. डोलकाठी मोडलेली, बिनतारी यंत्रणा गप्प. दुरुस्ती करताना पाण्यात एक मिणमिणता दिवा दिसला. तो ‘हल’चा खलाशी होता, आणि त्याला वर ओढल्यावरच कळलं की ‘हल’ नाही. कप्तान हेन्री प्लाज हा राखीव दलातला अधिकारी. त्याने त्या मोडक्या नौकेनिशी शोध चालू ठेवला. शार्क फिरत होते, समुद्र अजून पर्वताएवढा होता. ‘टॅबरर’ने ५५ माणसं काढली. तीन दिवसांनी ‘ब्राउन’ या विनाशिकेला तराफ्यांवर आणखी काही जिवंत सापडली.

एकूण ७९० माणसं गेली, १४६ विमानं नष्ट झाली किंवा मोडली. शत्रूने एक गोळीही झाडली नव्हती. १९ तारखेचा मारा झालाच नाही.

२६ डिसेंबर

उलिथी बेटाच्या खाडीत एका जहाजावर चौकशी बसली. दोषाचा मोठा वाटा हॉल्सीकडे गेला, पण युद्धाच्या ताणाखाली झालेल्या निर्णयाच्या चुका, एवढंच म्हणून त्याला सोडलं. फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल निमित्झने आरमाराला पत्र लिहिलं : हवामान खात्याच्या इशाऱ्याची वाट पाहू नका, आकाश आणि समुद्र स्वतः वाचा.

१९४५ च्या जूनमध्ये हॉल्सीने तिसरं आरमार दुसऱ्या एका टायफूनमध्ये नेलं. या वेळी एकही जहाज बुडालं नाही. ‘पिट्सबर्ग’ या क्रूझरचं नाक मात्र तुटून वेगळं झालं.