पिलार : खांबाचे नाव मुलीला कसे मिळाले?

१/ वाशिम जिल्ह्यातील शिरपूर जैन येथील पार्श्वनाथांना भाविक 'अंतरिक्ष पार्श्वनाथ' म्हणतात. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, या श्रद्धेवरून हे नाव पडले. म्हणजे मूर्ती जशी विराजते, तेच तिचे नाव झाले. 'पिलार' या स्पॅनिश मुलीच्या नावाची कुळकथाही अशीच आहे. फरक इतकाच की तेथील मूर्ती खांबावर उभी आहे.

२/ शिरपूरची आख्यायिका जुनी आहे. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी 'विविधतीर्थकल्प' या ग्रंथात तिची दखल घेतली. राजा मूर्ती गाडीतून नेत होता. मागे वळून पाहायचे नाही, अशी अट होती. त्याने पाहिले; गाडी पुढे गेली आणि मूर्ती तेथेच अधांतरी राहिली. पूर्वी डोक्यावर घागर घेतलेली स्त्री मूर्तीखालून जाऊ शकत असे, असेही परंपरा सांगते.

३/ आता स्पेनकडे. एब्रो नदीच्या काठी सारागोसा हे शहर आहे. ख्रिस्ती परंपरेनुसार इ. स. ४० मध्ये येशूचा शिष्य याकोब तेथे उपदेश करीत होता. लोक ऐकेनात, तेव्हा तो खचला. येशूची माता मरिया त्या वेळी जेरुसलेममध्ये हयात होती. तरीही ती एका दगडी खांबावर त्याला दिसली आणि तिने तेथे प्रार्थनामंदिर बांधण्यास सांगितले.

४/ ही श्रद्धेची कथा झाली. आज तेथे असलेली लाकडी मूर्ती पंधराव्या शतकातील मानली जाते. तिची उंची ४० सेंटिमीटरहूनही कमी आहे. खांब मात्र पावणेदोन मीटरच्या आसपास. खांबाचा एक लहानसा भाग मागच्या बाजूने उघडा ठेवला आहे. पिढ्यान्‌पिढ्या भाविकांनी चुंबन घेऊन तेथील दगडाला खळगा पडला आहे.

५/ स्पॅनिशमध्ये 'पिलार' म्हणजे खांब. मूळ लॅटिन 'पिला'. आपल्याकडे बांधकामावर मिस्त्री ज्याला 'पिलर' म्हणतो, तो शब्दही इंग्रजीमार्गे याच मुळातून आला. गंमत अशी की स्पॅनिश व्याकरणात खांब पुल्लिंगी आहे. तरीही नाव मुलीचे, कारण ते 'मारिया देल पिलार' म्हणजे 'खांबावरची मरिया' याचे संक्षिप्त रूप आहे.

६/ अशी नावे स्पेनमध्ये पुष्कळ आहेत. घरोघरी मारिया असल्या की ओळखायचे कसे? मग मरियेचे एकेक बिरुद वेगळे नाव बनले. दोलोरेस म्हणजे दुःखे, सोलेदाद म्हणजे एकांत, मेर्सेदेस म्हणजे कृपा. प्रसिद्ध मर्सिडीज मोटारीचे नावही अशाच एका मुलीवरून, एमिल येलिनेक या व्यावसायिकाच्या कन्येवरून, आले. आपल्याकडेही एकाच आदिशक्तीची रेणुका, अंबिका, भवानी ही नावे लेकींना मिळालीच ना!

७/ पिलारचा सण १२ ऑक्टोबरला असतो. १४९२ मध्ये याच तारखेला कोलंबसाच्या तांड्याला अमेरिका खंडाजवळची भूमी दिसली. त्यामुळे धार्मिक सणाला राष्ट्रीय अर्थही चिकटला. विसाव्या शतकात हे नाव स्पेनभर लोकप्रिय होते. लाडाने 'पिली' म्हणत. आज मात्र ते मुख्यतः आजींच्या पिढीचे नाव वाटते. हेमिंग्वेच्या १९४० मधील स्पॅनिश यादवीवरच्या कादंबरीतील करारी स्त्रीचे नावही पिलारच, आणि त्याच्या बोटीचेही.

८/ हेच नाव कोकण किनाऱ्यावरही पोहोचले. गोवा पोर्तुगीजांचा, मग नाव स्पॅनिश कसे? १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजांकडे होती. याच काळात, १६१३ मध्ये, फ्रान्सिस्कन संन्याशांनी गोवा वेल्हा येथील टेकडीवर मठ उभारला. खांबावरच्या मरियेची मूर्ती स्पेनहून आणली गेली, असे परंपरा सांगते. टेकडीचे नाव 'पिलार' पडले. कदंबांची राजधानी गोपकपट्टण याच परिसरात होती.

९/ १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातील धर्मसंघ बंद केले आणि मठ ओस पडला. नाव मात्र राहिले. १८८७ मध्ये आगोंद येथे स्थापन झालेला मिशनरी संघ पुढे येथे आला आणि 'पिलार संघ' म्हणून ओळखला जाऊ लागला. वांद्रे आणि वाशी येथील 'फादर अ‍ॅग्नेल' संस्था ज्यांच्या नावाने आहेत, ते आग्नेलो डिसोझा याच संघाचे. त्यांची समाधी पिलारलाच आहे.

१०/ एकच शब्द सारागोसात मूर्तीचे बिरुद होता, स्पेनच्या घरांत लेकीचे नाव झाला, गोव्यात टेकडीचे. शिरपुरात वाट थोडी निराळी आहे. तेथे 'अंतरिक्ष' हे नाव पार्श्वनाथांचे आहे. त्यांच्या परंपरेतून मुलींना मिळाले ते त्यांच्या शासनदेवीचे नाव : पद्मावती, म्हणजे कमळांनी युक्त अशी. पद्मावती नावाच्या आजी आपल्याकडेही अनेक घरांत भेटतात. त्यांना नाव कोणी आणि का ठेवले, हे एकदा अवश्य विचारावे. घराण्याचा इतिहास कित्येकदा तेथूनच सुरू होतो.