चाळिशीनंतरची वाढ



मराठींत 'चाळिशी' हा शब्द वयाला आहे तसाच चष्म्यालाही आहे. या शेजारामुळेंच कीं काय, चाळिशी म्हणजे उतरणीचा आरंभ, व्हावयाचें तें सर्व होऊन गेलें, अशी समजूत आपल्या बोलण्यांत पक्की बसली आहे. भूम तालुक्यांतील ईट हें माझें गांव. दोन पिढ्यांपूर्वीं तेथें सून घरांत आली कीं पस्तिशींतली बाई 'म्हातारी' ठरे. तिनें नवें कांहीं शिकावें अशी कोणाची अपेक्षा नसे, आणि शिकूं लागलीच तर लोक हंसत.

आपल्या शास्त्रकारांनीं मध्यवयाचा विचार केला नाहीं असें नव्हे. केस पिकले, अंगावर सुरकुत्या पडल्या, नातवाचें तोंड पाहिलें, कीं गृहस्थानें वनाची वाट धरावी, असें मनुस्मृति सांगते. पत्नीला सोबत न्यावें किंवा मुलांच्या स्वाधीन करावें, अशीही सोय तिनें लावून ठेविली आहे. म्हणजे ही वाट मुख्यतः पुरुषाची. अलीकडे, 1950 सालीं, एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानें माणसाच्या मनाची वाढ आठ टप्प्यांत मांडिली. त्यांतला सातवा टप्पा मध्यवयाचा. त्या वयांत माणूस एकतर पुढच्या पिढीची काळजी वाहूं लागतो, नाहींतर डबक्यासारखा स्वतःपाशींच सांचून राहतो, असें त्याचें म्हणणें. त्या पुस्तकाच्या किती तरी आधीं महाराष्ट्रांत दोन स्त्रियांच्या आयुष्यांत हा टप्पा कसा आला, तें मला आज सांगावयाचें आहे.

पहिल्या रमाबाई रानडे. 16 जानेवारी 1901 रोजीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे वारले, तेव्हां रमाबाईंचें एकोणचाळिसावें वर्ष पुरें होण्यास नऊ दिवस उरले होते. अकराव्या वर्षीं लग्न झालें तेव्हांपासून सत्तावीस वर्षें त्या पतीच्या इच्छेप्रमाणें घडत आल्या होत्या. लिहावयास, इंग्रजी वाचावयास, सभेंत बोलावयास त्यांनींच शिकविलें. या शिक्षणाची किंमत मात्र माजघरांत मोजावी लागे. मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठीं गव्हर्नरसाहेबांपुढें इंग्रजींतून बोलून घरीं आल्यावर वडील बायकांचे टोमणे ऐकावे लागले, ते याच घरांत. बाहेर कौतुक आणि आंत टोमणे, अशा दोन टोंकांमध्यें त्यांनीं तारुण्य काढिलें. पण त्या ओढाताणींत निर्णय त्यांचा नसे. पतीचा शब्द प्रमाण असे.

आतां तो शब्दच उरला नाहीं. पोटचें अपत्य नव्हतें. पुण्यास येऊन वर्षभर त्यांनीं स्वतःला जवळजवळ कोंडून घेतलें. हें वर्ष चरित्रकार दोन ओळींत उरकतात. मला तें फार महत्त्वाचें वाटतें. 'ह्यांना काय आवडेल' या प्रश्नाच्या जागीं 'मला काय केलें पाहिजे' हा प्रश्न येण्यास तितका अवधि लागला असला पाहिजे. या एकांतांतून त्या बाहेर पडल्या त्या व्यासपीठाकडे नव्हे, तर येरवड्याच्या तुरुंगांतील बायकांकडे आणि रुग्णालयांतील आजाऱ्यांकडे. तेथें न्यायमूर्तींची पत्नी म्हणून मान मिळविण्याची सोय नव्हती. समोरची बाई काय सांगते तें ऐकत बसावयाचें होतें.

यानंतर कामें येत गेलीं. 1904 सालीं मुंबईस भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षा रमाबाई. 1908 सालीं बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनीं मुंबईस सेवासदन काढिलें, तें अध्यक्ष म्हणून रमाबाईंना घेऊनच. पुढील वर्षीं गोपाळ कृष्ण देवधरांच्या साह्यानें पुण्याचें सेवासदन उभें राहिलें. विधवांना शुश्रूषेचें शिक्षण देण्यासाठीं ससून रुग्णालयांत धाडणें ही त्या काळीं सोपी गोष्ट नव्हती. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणें, कोणाही जातीच्या रोग्याची उस्तवार करणें, हें उच्चवर्णीय घरांना विटाळासारखें वाटे. ज्या बाईनें घरांतल्या बायकांचे टोमणे निमूटपणें सोसले, तीच पन्नाशीच्या उंबरठ्यावर दुसऱ्यांच्या लेकीसुनांसाठीं गांवाचे टोमणे सोसूं लागली. फरक इतकाच कीं आतां ते तिनें स्वतः निवडले होते. 1910 सालीं 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें पुस्तक निघालें. पतीविषयींची भक्ति त्यांत तिळमात्र उणी झालेली नाहीं. मागें पाहून लिहिणारी बाई मात्र स्वतःच्या पायांवर उभी आहे. पुढें स्त्रियांचा मताधिकार आणि पुण्यांतील मुलींचें सक्तीचें शिक्षण यांसाठीं त्या 1924 सालीं देह ठेवीपर्यंत झटल्या.

कोणी म्हणेल, रानड्यांचें नांव पाठीशीं होतें, म्हणून हें साधलें. ही शंका रास्त आहे, आणि म्हणूनच दुसरें उदाहरण घेतों. पार्वतीबाई आठवले यांच्यापाशीं ना पैसा होता, ना विद्या. 1870 चा जन्म, कोंकणांतलें गरीब घर, विसाव्या वर्षीं वैधव्य, पदरीं एक मुलगा. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी त्यांच्या सख्ख्या भगिनी. कर्व्यांच्या आग्रहावरून विशी उलटून गेलेली ही विधवा पुण्यास येऊन शिकूं लागली, आणि पुढें हिंगण्याच्या आश्रमाची व्यवस्था पाहूं लागली. आश्रमासाठीं वर्गणी मागत त्या गांवोगांव हिंडल्या. एवढी वर्षें त्यांचें डोकें मात्र रूढीप्रमाणें केशवपन केलेलेंच होतें. 1912 सालीं, बेचाळिसाव्या वर्षीं, त्यांनीं तें थांबविलें. जगाला विधवांचा कळवळा सांगणें निराळें, आणि आरशांतल्या विधवेविषयीं निर्णय घेणें निराळें. दुसऱ्याला वेळ अधिक लागतो.

त्यानंतरची गोष्ट तर ऐकणाऱ्याला खोटी वाटावी. इंग्रजी येत नाहीं म्हणून काम अडतें, असें वाटून 1918 सालीं, अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. जवळ पैसा नव्हता, तेव्हां परक्यांच्या घरीं मोलकरणीचें काम करून त्या भाषा शिकल्या. ज्या समाजांत ब्राह्मण विधवेनें दुसऱ्याचीं भांडीं घांसणें ही शेवटची अवस्था समजत, त्या समाजांतील बाईनें तें काम हौसेनें पत्करलें. 1920 सालीं त्या परत आल्या आणि पुन्हां आश्रमाच्या कामास लागल्या. त्यांचें 'माझी कहाणी' 1928 सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां लेखिकेचें वय अठ्ठावन्न होतें.