लिंकरच्या शोधमार्गातील अडचणी

सोर्स कोडपासून कंपायलर बांधताना आवश्यक लायब्ररी न सापडल्याने उद्भवणाऱ्या त्रुटींना लिंकरच्या शोधमार्गातील अडचणी म्हणतात. ग्नू प्रकल्पाचा जीसीसी हा कंपायलर १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झाला. लिनक्सवरील त्याच्या बांधणीत या त्रुटी वारंवार आढळतात. अंकगणितासाठी त्याला जीएमपी, एमपीएफआर व एमपीसी या ३ लायब्ररी लागतात.

दोन टप्प्यांतील शोध

लायब्ररीचा शोध दोन वेळा आणि दोन वेगळ्या प्रोग्रामकडून घेतला जातो. बांधणीच्या वेळी लिंकर हा '-एल' पर्यायाने दिलेल्या व पूर्वनिश्चित फोल्डरांत शोध घेतो. तयार प्रोग्राम सुरू होताना डायनॅमिक लोडर तीच लायब्ररी नव्याने शोधतो. लिंकरला दिलेला मार्ग त्याला आपोआप कळत नाही. त्यामुळे पहिला शोध सफल होऊनही दुसरा निष्फळ ठरू शकतो.

लक्षणे

लिंकरला लायब्ररी न मिळाल्यास तिच्या नावासह 'कॅनॉट फाइंड' असा संदेश येतो. लोडरच्या संदेशात 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' हे शब्द असतात. जीसीसीच्या बांधणीत मात्र हा दुसरा दोष अनेकदा झाकला जातो. नुकताच तयार झालेला कंपायलर सुरूच होत नाही, पण पडद्यावर ऑब्जेक्ट फाइलचा प्रत्यय ठरवता न आल्याचा संदेश दिसतो. खरे कारण लिबजीसीसीच्या बांधणी-फोल्डरातील 'कॉन्फिग.लॉग' या फाइलमध्ये नोंदलेले असते. 'सीसी१' या फाइलवर 'एलडीडी' ही आज्ञा चालवल्यास न सापडलेल्या लायब्ररींपुढे 'नॉट फाउंड' असे दिसते.

उपाय

जीसीसीसोबत येणारी 'डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स' ही स्क्रिप्ट आवश्यक लायब्ररींचा सोर्स कोड जीसीसीच्याच फोल्डरात आणते. त्या कंपायलरसोबत बांधल्या जाऊन त्यातच सामावल्या जातात, त्यामुळे त्यांच्यासाठी लोडरच्या शोधाची गरज उरत नाही. स्वतंत्रपणे बसवलेल्या लायब्ररींचा फोल्डर लोडरच्या यादीत घालून 'एलडीकॉन्फिग' चालवावा लागतो किंवा 'आरपाथ'द्वारे तो मार्ग प्रोग्राममध्येच नोंदवता येतो. 'एलडी_लायब्ररी_पाथ' हे चल तात्पुरत्या चाचणीस उपयोगी असते. कायम ठेवल्यास इतर प्रोग्रामही त्या फोल्डरातील लायब्ररी उचलतात. 'लायब्ररी_पाथ' हे चल निराळे असून ते लिंकच्या वेळी वापरले जाते. त्यातील रिकामी नोंद म्हणजे चालू फोल्डर, असा अर्थ घेतला जातो आणि जीसीसीची बांधणी थांबते.

दुरुस्तीनंतर बांधणी नव्या, रिकाम्या फोल्डरात सुरू करणे योग्य ठरते, कारण आधीच्या तपासणीचे निष्कर्ष जुन्या फोल्डरात साठलेले असतात.